जेवणाच्या भांड्यांसाठी कोणती माती? एक आढावा

प्रश्न कुठे उभा राहतो

नागपूर-अमरावती महामार्गावरचे वाडी हे ट्रकचे आणि गोदामांचे गाव. एका अंगाला अंबाझरीची आयुध निर्माणी व तिची वसाहत, दुसऱ्या अंगाला हिंगण्याचे औद्योगिक क्षेत्र. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर कंपन्यांनी राज्याराज्यांतली लहान कोठारे आवरती घेऊन मध्यवर्ती ठिकाणी मोठी गोदामे घेतली. देशाच्या मध्यावरच्या या पट्ट्याला त्याचा फायदा झाला. गाव वाढले, तसे जेवणारेही वाढले. इथे भांडी घेणारे गिऱ्हाईक ढोबळमानाने तीन प्रकारचे: नव्या फ्लॅटमध्ये संसार थाटणारे कुटुंब, रस्त्यालगत ढाबा किंवा मेस चालवणारा मालक, आणि दर काही वर्षांनी बदलीच्या गावी बिऱ्हाड हलवणारा नोकरदार.

हे तिघेही दुकानात गेले की एकाच मांडणीपुढे उभे राहतात. ‘क्रोकरी’ या पाटीखाली खुर्ज्याचे मग, बोन चायनाचे कप, पांढरेशुभ्र ओपलचे डिनर सेट, मेलामाइनची खणांची ताटे आणि अलीकडे लाल मातीच्या हंड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. यांतल्या दोन वस्तू तर मातीच्या नाहीतच. ओपल ही काच आहे आणि मेलामाइन हे प्लास्टिक. उरलेल्यांची मातीही एक नाही, भट्टीही एक नाही. त्यामुळे कोणते भांडे चांगले, हा साधा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात चार-पाच प्रश्नांचा जुडगा होतो: फुटेल का, डागाळेल का, प्रकृतीला बाधेल का, शाकाहाराला चालेल का आणि कोणाचे पोट त्यावर चालेल? या प्रत्येकावर मतभेद आहेत. ते कुठून आले, आज कुठे पोचले आहेत आणि त्यांतले काय अजून सुटायचे आहे, याची ही नोंद.

पूर्वपीठिका

नागपूर परिसराला मातीच्या भांड्यांची ओळख फार जुनी आहे. काटोल रस्त्यालगतच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांकडे रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याचे लक्ष एकोणिसाव्या शतकातच गेले होते. पुढे नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा येथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या या लोहयुगीन वस्त्यांत आणि दफनांत काळी-तांबडी मृद्भांडी मिळतात. आतून व काठाशी काळी, बाहेरून खाली तांबडी अशी ही भांडी कमी तापमानाला भाजलेली आणि झिलई नसलेली होती. त्यातले वाडगे-थाळ्या खाण्यापिण्यासाठीच घडवलेल्या.

झिलईची आणि पक्क्या भाजणीची चिनी भांडी पश्चिम किनाऱ्यावरून आली. चौलच्या बंदरात झालेल्या उत्खननात चिनी भांड्यांची खापरे मिळाली आहेत. हिरवट झिलईच्या सेलाडॉन भांड्यांना भारतात ‘घोरी’ म्हणत. विषारी अन्न वाढले तर ते तडकते, अशी समजूत दरबारांत होती. भांड्याने खाणाऱ्याचे रक्षण करावे ही अपेक्षा एवढी जुनी आहे. युरोपात मात्र अशी माती साधायला अठरावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतल्या मायसेन येथे १७१० साली पोर्सेलीनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या स्टोक परिसरात जोसाया स्पोड यांनी हाडांच्या राखेचे मिश्रण बसवून बोन चायनाला आजचे रूप दिले.

महाराष्ट्रात आधुनिक कुंभारकामाची सुरुवात कलाशाळेतून झाली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी १८७३च्या सुमारास सिंधचे कारागीर आणून झिलईची भांडी बनवायला घेतली. ती शोभेची होती, परदेशी प्रदर्शनांत गाजली, पण घरच्या पंगतीत पोचली नाहीत. उद्योगाच्या बाजूने परशुराम गणपुले या मराठी माणसाने विसाव्या शतकाच्या आरंभी सौराष्ट्रात थानगडला पाय रोवले. परशुराम पॉटरी हे नाव त्यांचेच. स्वातंत्र्यानंतर सरकारी आणि गांधीवादी प्रयत्न आले. १९५० साली कोलकात्याला केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था निघाली आणि पुढे खुर्ज्यालाही तिचे केंद्र झाले. सीमाभागात खानापूरला ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था उभी राहिली. आणि विदर्भात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या पुढाकाराने ग्रामोदय संघ स्थापन झाला. गावच्या कुंभाराला उंच तापमानाची भट्टी, झिलई आणि बाजार मिळवून देणे हे या संघाचे काम. वाडीच्या गिऱ्हाइकासाठी ‘आपल्याकडची’ झिलईदार भांडी म्हणजे मुख्यत्वे भद्रावतीची.

एवढे सगळे होऊनही मराठी ताट धातूचेच राहिले. आधी कल्हई केलेले पितळ आणि कासे, मग स्टेनलेस स्टील. त्यामागे टिकाऊपणा होता, तशी सोवळ्याची कल्पनाही होती. धातू घासून शुद्ध होतो, माती एकदा उष्टी झाली की नाही, अशी ती धारणा. चिनी माती म्हणून कप-बशीपुरती आणि लोणच्याच्या बरणीपुरती उरली. हॉटेलांत दलितांसाठी वेगळे कप ठेवण्याची अन्यायी रीतही याच कल्पनेने पोसली. आज मातीची भांडी पुन्हा ताटात येत आहेत, ती या दोन्ही परंपरा ओलांडून.

प्रकार आणि त्यांचे शास्त्र

सगळ्या प्रकारांतला भेद मुख्यतः दोन गोष्टींत आहे: मिश्रणात काय घातले आणि ते किती तापवले. तापमान वाढते तसा मातीतला काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि कणांमधली छिद्रे भरतो. भांडे किती पाणी पिते, यावरून ही भाजणी मोजता येते.

लाल किंवा पांढऱ्या मातीचे साधे भांडे सुमारे ९०० ते ११५० अंश सेल्सिअसला भाजले जाते. ते आपल्या वजनाच्या ५ टक्क्यांहून अधिक, कित्येकदा १० टक्क्यांहूनही अधिक पाणी शोषते. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांपर्यंत जाते आणि त्याचे शोषण साधारण ३ टक्क्यांच्या आत राहते. आपली पांढरी-तपकिरी लोणच्याची बरणी म्हणजे स्टोनवेअरच. मीठ, आंबटपणा आणि तेल वर्षभर पोटात घेऊन ती राहते, यातच या प्रकाराची परीक्षा झाली आहे. पोर्सेलीनमध्ये केओलिन ही शुभ्र माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ असतात. भाजणी साधारण १२५० ते १४०० अंशांना होते आणि शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असते. पारंपरिक बोन चायनामध्ये निम्मी हाडांची राख, पाव केओलिन आणि पाव कॉर्निश दगड असे प्रमाण धरतात. त्याची पहिली भाजणी १२५० अंशांच्या आसपास आणि झिलईची भाजणी त्याहून कमी तापमानाला होते. शोषण जवळपास शून्य.

जयपूरची निळी पॉटरी या यादीत बसत नाही. तिच्यात माती जवळजवळ नसते. क्वार्ट्झची भुकटी आणि काच यांचा तो लगदा कमी तापमानाला भाजतात. ती शोभेसाठी उत्तम, पण रोजच्या जेवणासाठी तिची शिफारस कोणी जाणकार करत नाही.

घरी पाहण्यासारखी एक खूण आहे. भांड्याच्या बुडाशी झिलई नसलेले एक कडे असते. त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. तो चटकन जिरला तर भांडे सच्छिद्र, तसाच राहिला तर पक्के भाजलेले. हिशेबाने पाहायचे तर कोरडे भांडे तोलावे, काही तास उकळत्या पाण्यात ठेवून तसेच निवू द्यावे आणि पुसून पुन्हा तोलावे. ४०० ग्रॅमची बशी ४०८ ग्रॅम भरली तर शोषण २ टक्के. प्रयोगशाळेतली पद्धत याहून काटेकोर असते, पण तत्त्व हेच.

मुख्य भूमिका

पहिली भूमिका पक्क्या भाजणीवाल्यांची. यांचे म्हणणे असे की भांड्याचे नाव काही असो, शोषण कमी असेल तेच घ्यावे. त्यामागचे कारण तांत्रिक आहे. सच्छिद्र भांडे वर्षानुवर्षे हवेतला ओलावा पीत किंचित फुगते, वरची झिलई मात्र फुगत नाही, आणि मग तिच्यावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते. त्या भेगांत हळद आणि तेल शिरते. तर्री पोहे आणि सावजी रस्सा वाढणाऱ्या नागपुरी घरात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. शिवाय पाणी प्यालेले भांडे मायक्रोवेव्हमध्ये अन्नाआधी स्वतःच तापते. या भूमिकेची मर्यादा किमतीत आणि वजनात आहे. चांगले स्टोनवेअर जड असते, आणि सहा जणांचा सेट रोज उचलून घासणाऱ्या हातांना ते लगेच जाणवते.

दुसरी भूमिका बोन चायनाच्या चाहत्यांची. हा प्रकार पातळ असूनही मजबूत असतो, कारण भाजल्यावर त्यात कॅल्शियम फॉस्फेट आणि अॅनॉर्थाइट यांचे स्फटिक दाट तयार होतात. दिव्यासमोर धरले तर बोटांची सावली दिसते. काठ पातळ असल्याने चहाला तोच कप हवा, असे म्हणणारे पुष्कळ. आक्षेप दोन आहेत. एक, त्यावरची सोनेरी कड मायक्रोवेव्हला चालत नाही आणि घासून घासून जाते. दुसरा आक्षेप राखेचा. ही राख सामान्यतः गुराढोरांच्या हाडांची असते. हजार अंशांच्या आसपास जाळून त्यातला सेंद्रिय भाग संपतो आणि खनिज फॉस्फेट उरते, म्हणून हरकत नसावी, असे काहींचे मत. मूळ वस्तू प्राण्याची आहे, म्हणून ती शाकाहारी किंवा जैन घरात नको, असे दुसऱ्यांचे. ही बाब श्रद्धेची असल्याने प्रयोगशाळा तिचा निकाल देऊ शकत नाही. यावर उद्योगाने काढलेला तोडगा म्हणजे खनिजापासून बनवलेले फॉस्फेट वापरणे. अशी ‘हाडविरहित’ म्हणून विकली जाणारी भांडी भारतीय बाजारात आता मिळतात.

तिसरी भूमिका ओपलवाल्यांची. ही माती नव्हे, तर फ्लोरिनच्या संयुगांमुळे दुधाळ झालेली काच. अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने १९७० साली तीन थरांच्या काचेचे कोरेल आणले. भारतात ला ओपालाने झारखंडमधल्या मधुपूरला कारखाना काढला, आणि बोरोसिलने २०१६ साली लारा हा जयपूरचा ब्रँड घेतला. हलके, स्वस्त, मुळीच पाणी न शोषणारे आणि उष्णतेने कडक केलेले हे भांडे मध्यमवर्गीय घरांत रुळले आहे. बदलीवाल्या कुटुंबाला त्याचे वजन परवडते. त्याविरुद्धचा मुद्दा एकच, पण ठळक. मातीच्या बशीचा टवका उडतो किंवा तिचे चार तुकडे होतात. कडक केलेली काच फुटली की बारीक बारीक तुकड्यांचा सडा पडतो. लहान मुले असलेल्या घरात याचा विचार करावा लागतो.

चौथी भूमिका कुंभाराच्या मातीची. २००४ साली रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी स्थानकांवर कुल्हड आणले. २०१९ साली नागपूरचे खासदार आणि तेव्हाचे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगमंत्री नितीन गडकरी यांनी १०० स्थानकांवर कुल्हडातून चहा देण्याचा आग्रह धरला. बिनझिलईच्या मातीत शिसे येण्याचे कारण उरत नाही, पैसा गावात राहतो, आणि टाकून दिले तरी प्लास्टिकसारखा प्रश्न नाही, हे या बाजूचे मुद्दे. शिवाय सच्छिद्रता इथे गुण ठरते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ पाणी थंड करतो तो छिद्रांतून झिरपलेले पाणी उडून जाते म्हणूनच, आणि मातीच्या सुगडातले दही घट्ट लागते तेही पाणी शोषले गेल्यामुळे. उलट बाजू अशी की हेच भांडे रोज रस्सा वाढायला घेतले तर तेल-मसाला आत मुरतो, साबणही मुरतो आणि वास राहतो. एकदाच वापरायचे कुल्हड भाजायलाही इंधन लागते, आणि भाजलेली माती पुन्हा मातीत सहज मिसळत नाही.

पाचवी भूमिका या सगळ्यांना छेद देते: मुळात स्टील असताना मातीचे भांडे हवेच कशाला? फुटत नाही, गंजत नाही, मोडीत विकता येते. मेस आणि लग्नकार्यात तर पर्यायच नाही. मातीच्या बाजूचे लोक यावर दोन गोष्टी सांगतात. माती उष्णता सावकाश वाहते, म्हणून वाटीतले वरण जास्त वेळ गरम राहते आणि वाटी हाताला चटका देत नाही. आणि स्टील मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही. एकट्या नोकरदाराच्या घरी, जिथे रात्री डबा गरम करून खायचा असतो, हा शेवटचा मुद्दाच निर्णायक ठरतो.

सुरक्षिततेचा प्रश्न

सर्वांत गंभीर चर्चा शिसे आणि कॅडमियम यांची आहे. शिशामुळे झिलई कमी तापमानाला वितळते आणि जास्त चकाकते. लाल, केशरी, पिवळ्या रंगांसाठी कॅडमियम वापरतात. झिलई नीट भाजली गेली आणि तिचे सूत्र बरोबर असले तर हे धातू तिच्यात बांधलेले राहतात. ती कच्ची राहिली किंवा सूत्र चुकले, तर चिंच, लिंबू, कढी, ताक, टोमॅटो यांतली आम्ले त्यांना बाहेर काढतात. धोका अधिक तो कमी तापमानाच्या झिलईत आणि झिलईच्या वर चिकटवलेल्या नक्षीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी निर्धोक म्हणता येत नाही, आणि लहान मुलांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो.

तपासणीची पद्धत जगभर जवळपास एकच आहे: ४ टक्के अॅसिटिक आम्ल भांड्यात २२ अंशांच्या आसपास २४ तास ठेवायचे आणि त्यात किती धातू उतरला ते मोजायचे. भारतात यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ९८०६ हे मानक आहे. मर्यादांवर मात्र एकमत नाही. १९८४च्या युरोपीय निर्देशानुसार खोलगट भांड्यातून दर लिटरला ४ मिलिग्रॅम शिसे चालते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची चहाच्या कपासाठीची मर्यादा दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम, आणि कॅलिफोर्नियाचा इशारा देण्याचा उंबरठा खोलगट भांड्यासाठी ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे एकच कप एका देशात पास आणि दुसऱ्या देशात इशाऱ्यासह विकावा लागेल, असे होऊ शकते.

दुसरा मतभेद मोजायचे काय यावर आहे. प्युअर अर्थ या संस्थेने २०२३ साली २५ देशांच्या बाजारांतील वस्तूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात सिरॅमिक भांड्यांच्या सुमारे ४५ टक्के नमुन्यांत एकूण शिसे संस्थेने धरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. उद्योगाच्या बाजूने यावर असे म्हणता येते की झिलईतले एकूण शिसे आणि अन्नात उतरणारे शिसे या वेगळ्या गोष्टी आहेत. प्युअर अर्थसारख्या गटांचे म्हणणे असे की टवका उडाला, झिलई झिजली की आज बांधलेले शिसे उद्या सुटू शकते, आणि बनवणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसात तर ते आधीच गेलेले असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बाजारात मिळणाऱ्या घरगुती चाचणीच्या कांड्या मात्र पृष्ठभागावरचे शिसे दाखवतात, अन्नात किती उतरेल ते सांगत नाहीत. कांडीचा रंग बदलला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

इथे हाताने घडवलेल्या स्टुडिओ पॉटरीचा मुद्दा येतो. पुण्याच्या निर्मला पटवर्धन यांनी कुंभारांसाठी हस्तपुस्तक लिहून झिलईची सूत्रे खुली केली. त्या परंपरेतले जाणते कुंभार उंच तापमानाच्या, शिसेमुक्त झिलया वापरतात. मोठ्या कारखान्याकडे प्रयोगशाळा असते, लहान कुंभाराकडे स्वतः कालवलेली झिलई आणि स्वतःचा शब्द असतो. हस्तकलेचे भांडे आपोआप निर्धोक नसते, तसे आपोआप धोक्याचेही नसते. विचारल्यावर भट्टीचे तापमान आणि झिलईचे घटक सांगू शकणारा कुंभार भरवशाचा.

घर, मेस आणि बिऱ्हाड

कोणत्या भूमिकेत किती बळ आहे, हे वापर ठरवतो. वाडीच्या तीन गिऱ्हाइकांना लावून पाहिले तर चित्र स्पष्ट होते.

घरासाठी पहिला प्रश्न आकाराचा, प्रकाराचा नव्हे. बाजारातले बहुतेक डिनर सेट पाश्चात्य जेवणासाठी आखलेले. सपाट, कड नसलेल्या बशीत वरण-भात आणि भाजीची तर्री एकमेकांत वाहत जाते. उभ्या काठाची खोलगट बशी किंवा सोबत तीन वाट्या हव्यात. मराठी ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे तासभर तसेच राहते. तिथे आम्लाला टिकणारी झिलई हवी, म्हणून नक्षी काठावर किंवा बाहेरून असलेली, जेवणाचा भाग साधा असलेली बशी बरी. घासण्याचा मुद्दाही आहे. तारेची घासणी ओपलवर आणि झिलईवर ओरखडे पाडते. मोलकरणीला वेगळी मऊ घासणी द्यायला हवी. स्टीलच्या चमच्याने उमटणाऱ्या करड्या रेघा म्हणजे बहुधा भांडे खराब झाल्याची खूण नव्हे, तर झिलईवर घासून लागलेला धातू. सौम्य पावडरीने त्या निघतात.

मेस आणि भोजनालयासाठी काठ महत्त्वाचा. टवका काठाचाच उडतो आणि टवका उडालेली बशी पंगतीत ठेवणे अस्वच्छही आणि बोटाला लागणारेही. हॉटेलांसाठी खास पोर्सेलीन मिळते. त्यात क्वार्ट्झऐवजी अॅल्युमिना घालून ताकद वाढवलेली असते आणि काठ जाड व गोलसर ठेवलेला असतो. बशा एकावर एक रचताना वरच्या बशीचे खरखरीत कडे खालच्या झिलईला घासते, म्हणून कडे गुळगुळीत केलेले आहे का ते पाहावे. रोजच्या शेकडो ताटांचा हिशेब करता बहुतेक मेसमालक जेवणाला स्टील आणि चहाला स्टोनवेअर किंवा पोर्सेलीनचे कप हीच वाटणी पसंत करतात, आणि ती अडाणीपणाची नाही.

बदलीच्या बिऱ्हाडाला वजन आणि फूट हे दोन प्रश्न. इथे ओपल वजनात जिंकते. बोन चायना जास्त टिकतो, पण सेटमधला एक कप फुटला तर त्याच नक्षीचा दुसरा मिळेलच असे नाही. म्हणून कोणत्याही प्रकारात सुटे नग विकत मिळणारी साधी पांढरी किंवा एकरंगी भांडी शहाणपणाची.

काय अनिर्णित आहे

पहिला अनिर्णित प्रश्न पाटीचा. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण बंधनकारक आहे, भांड्यावर नाही. ‘बोन चायना’ असे छापलेल्या कपात राख आहे की खनिज फॉस्फेट, हे गिऱ्हाइकाला बहुतेकदा कळत नाही. ज्याला राख चालत नाही त्याची फसगत होते आणि ज्याला ती हवी आहे त्याचीही.

दुसरा, लहान भट्ट्यांच्या तपासणीचा. मानक आहे, पद्धत आहे, पण खुर्ज्याच्या किंवा एखाद्या गावच्या छोट्या भट्टीतला प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत जाणे परवडणारे नाही. खर्च कारागिरावर टाकला तर तो बाहेर फेकला जाईल, आणि सोडून दिला तर गिऱ्हाईक अंधारात राहील. झिलईच स्वस्तात, तपासलेली आणि शिसेमुक्त पुरवावी, असा एक मार्ग सुचवला जातो. भद्रावती आणि खानापूरसारख्या संस्थांनी अशी जबाबदारी घ्यावी की बाजारावर सोडावी, यावर मतभेद आहेत.

तिसरा, पर्यावरणाचा. उंच तापमानाच्या भांड्याला जास्त इंधन लागते, पण ते वर्षानुवर्षे टिकते. कुल्हडाला कमी लागते, पण एकाच चहापुरते. स्टील मोडीत जाते. फुटलेली बशी कचऱ्यातच जाते. बशी फुटेपर्यंत किती जेवणे होतात, यावर सगळे गणित अवलंबून आहे, आणि तो आकडा घराघरात वेगळा. म्हणून ‘सर्वांत हिरवे भांडे’ असे सरसकट उत्तर कोणी देऊ शकलेले नाही.

चौथा, आयातीचा. चीनमधून येणाऱ्या स्वस्त सिरॅमिक भांड्यांवर भारताने २०१८ साली अँटी-डंपिंग शुल्क लावले. देशी कारखान्यांना त्याने आधार मिळाला. त्याच वेळी गिऱ्हाईक मातीकडून ओपलकडे वळण्याला हातभार लागला का, हा वाद उरतो.

निष्कर्ष

आज जेवढे एकमत आहे ते असे. रोजच्या गरम, आंबट, तेलकट जेवणासाठी कमी शोषणाचे पक्के भाजलेले भांडे, म्हणजे चांगले स्टोनवेअर किंवा पोर्सेलीन, तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सुरक्षित निवड. ओपल ही मातीला पर्यायी काच म्हणून चांगली. फुटल्यावर सांभाळावे लागते एवढेच. बोन चायना चहाला उत्तम, पण शाकाहारी घराने घटक विचारूनच घ्यावा. बिनझिलईची माती पाणी, दही आणि कुल्हडातल्या चहासाठी राखावी. कमी तापमानाची रंगीबेरंगी झिलईदार भांडी शोभेला ठेवावीत, लोणच्याला नाहीत. आणि पंगतीला स्टील असेल तर त्यात मागासलेपण काही नाही.

बाकीचे वाद मिटायला वेळ लागेल. तोवर खरेदीला जाणाऱ्याने दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: हे भांडे किती तापमानाला भाजले, झिलईची शिसे-कॅडमियम तपासणी झाली आहे का, आणि बोन चायना असेल तर त्यात हाडांची राख आहे का? तिन्हींची उत्तरे खोक्यावर छापलेली नसतील तर विक्रेत्याकडून ती मागावीत. गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केल्याशिवाय ती छापली जाणार नाहीत.